वरची खोळ, खालची घोंगडी

काल रात्री तुझा फोन आला, "ताई, शर्टाला चंदेरी डाग पडला गं," आणि पुढे तुला बोलवेना. खरं सांगू, मला आधी हसू आलं. रागावू नकोस. आपल्या घरातली प्रत्येक बाई इस्त्रीपायी एकदा तरी रडलेली आहे. कोळशाच्या इस्त्रीतून ठिणगी उडून आजोबांच्या धोतराला भोक पडलं, तर आईनं ते धोतर चार दिवस घडीच्या आत भोक लपवून ठेवलं होतं. मी काय दिवे लावले ते पुढे सांगते. तुझं तर एका शर्टावर निभावलं.

आणि दोष तुझा नाही, इस्त्रीचाही नाही. दोष त्या खोळीचा. टेबलासोबत आलेली खोळ फाटली म्हणून तू बाजारातून नवी आणलीस, आणि दुकानदार म्हणाला, "सिल्वर है मॅडम, जलेगा नहीं." हे वाक्य मीही ऐकलेलं आहे. आपण सीमेवरची माणसं. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिलो. आता २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला आणि तुझं सौंसर त्यात आलं, तरी रीत तीच: घरात 'इस्त्रीच्या टेबलाची खोळ', दुकानात 'प्रेस टेबल का कवर'. आणि हिंदीत विचारायचं म्हटलं की आपण दोन प्रश्न कमीच विचारतो, हे माझं निरीक्षण. तू ते दोन प्रश्न विचारायला हवे होतेस. कापड कशाचं आहे, आणि आत काय भरलं आहे.

चंदेरी खोळ वाईटच असते असं नाही. चांगली असेल तर ते सुती कापड असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा बारीक लेप दिलेला असतो. लेप उष्णता परत वर फेकतो, म्हणून कपड्याची खालची बाजूही थोडी तापते आणि सुरकुत्या लवकर मोडतात. इथवर दुकानदार खरं बोलतो. पण तोच लेप वाफेला खाली जाऊ देत नाही. शिवाय वर्षभरात जिथं इस्त्री जास्त फिरते तिथं तो खरवडला जातो, आणि हलक्या प्रतीचा असेल तर तुझ्या शर्टावर उतरतो तसा उतरतो. त्यातही हल्ली बाजारात चंदेरी म्हणून जे मिळतं त्यातलं कितीतरी नुसतं राखाडी चमकदार पॉलिएस्टर असतं. त्याला लेप नाही न काही नाही.

आता हे ओळखायचं कसं? आईची पद्धत. खोळीच्या आतल्या कडेतून कापडाचाच (शिलाईचा नव्हे) एक दोरा ओढून काढायचा, चिमट्यात धरायचा आणि आगकाडी लावायची. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. आणि दोरा आक्रसून टोकाला काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. तो मणी लगेच बोटानं चाचपू नकोस, चटका बसतो. मी चाचपला आहे. दुकानात काडी पेटवू नको बाई, दुकानदार घाबरेल. पण 'आवडलं नाही तर उद्या परत आणीन' एवढं बोलून ठेवायचं आणि घरी आल्यावर पहिलं काम हे करायचं.

पॉलिएस्टर का नको, तर आकडेच सांगते. इस्त्रीच्या चकतीवर आणि कपड्याच्या लेबलवर ठिपके असतात ना, एक ठिपका म्हणजे इस्त्रीचा तळ जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती आणि लिननला तीन ठिपके. पॉलिएस्टर वितळतं साधारण २५० ते २६० अंशांना. तू म्हणशील, मग पन्नास अंशांची सवड आहे की! नाही. ते वितळायच्या कितीतरी आधी मऊ पडतं, चिकट होतं. आणि इस्त्रीतली ती दोन धातूंची पट्टी, जी तापली की वाकते आणि करंट तोडते, ती जुन्या इस्त्रीत उशिरा वाकायला लागते. चकती २०० म्हणते, तळ त्याच्या वर गेलेला असतो. त्यात तू फोन घ्यायला वळलीस आणि इस्त्री आडवी राहिली, की झालं. सूत वितळत नाही. ते आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि आपल्याला वासानं हाक मारतं. एवढा वेळ पुरतो.

पण हे सगळं वरच्या कापडाचं झालं. मला जे तुझ्या कानात सांगायचं आहे ते खालचं आहे. दुकानात आपण बोट फिरवतो वरच्या फुलांवर, आणि इस्त्री चांगली होते की नाही ते ठरतं आतल्या गादीवर. नव्या नवरीच्या रुखवतात ठेवायला फुलं ठीक. रोज सकाळी सातच्या शिफ्टचा गणवेश काढून द्यायचा असेल तर खोळ उलटी करून बघायची, दोन बोटांत दाबून बघायची.

तुझ्या टेबलाला वर लोखंडी जाळी आहे. बरोबर न? जाळी चांगली, वाफ खाली निघून जाते. प्लायवुडच्या टेबलात ती अडकते आणि दोन पावसाळ्यांत फळी फुगते. पण जाळीवरची गादी पातळ असली की जाळीची नक्षी सरळ शर्टाच्या पाठीवर उमटते. जावईबापूंच्या निळ्या शर्टावर तशी षटकोनी नक्षी मी दिवाळीला पाहिली होती, तेव्हा बोलले नाही. बाजारच्या बहुतेक खोळींत तीन-चार मिलिमीटरचा स्पंज असतो. पहिले सहा महिने तो छान फुगीर. मग रोजच्या उष्णतेनं तो पिवळा पडतो, दबतो, आणि एक दिवस खोळ झटकली की खालून बेसनासारखी भुकटी पडते. तेव्हा समजायचं की गादी संपली, आता आपण नुसत्या जाळीवर इस्त्री करतोय.

आणि पातळ गादीचा खरा मार कुठं बसतो माहीत आहे? पँटवर. तुझ्या सौंसर तालुक्यात बोरगावला रेमंडची गिरणी १९९१ पासून सूटिंगचं कापड विणते. आपल्याकडे लग्नात आहेराला सूटपीस येतो, कपाटात चार घड्या तशाच पडलेल्या असतात. लोकर मिसळलेलं ते कापड कडक फळीवर सरळ इस्त्री केलं की शिवणीवर, खिशाच्या कडेवर आणि बसायच्या जागी चकाकायला लागतं. ती चकाकी म्हणजे कापडाचं तेज नव्हे गं, दाबून चपटे झालेले तंतू असतात ते, आणि एकदा बसली की धुऊनही पुरती जात नाही. अशी पँट उलटी करायची, वर ओलसर मांजरपाटाचा तुकडा घालायचा, आणि इस्त्री ओढायची नाही, ठेवायची आणि उचलायची. खाली गादी मऊ असेल तर खिशाची जाडी गादीत रुतते आणि वर वळ उठत नाही. भरतकाम केलेलं पोलकं किंवा जरीचा पदर असाच, उलटा घालून. मऊ गादीत टाके बुडतात, चेपत नाहीत.

मग गादी कशाची करायची? इथं मी तुला आजीकडे पाठवते. आजी टेबलावर कधी इस्त्री करत नसे. तिच्याकडे टेबलच नव्हता. ती ओसरीत घोंगडी चौपदरी घालायची, त्यावर जुनं धोतर पसरायची, आणि त्यावर आजोबांचे सदरे. पाठ मोडायची तिची, ते सोड, पण त्या सदऱ्यांवर ना कधी नक्षी उमटली ना कधी खालचं काही वितळलं. आपण हसायचो, की काय बाई, धनगराची घोंगडी घेऊन बसते. मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं की ती बरोबर होती. लोकर सहजी पेट घेत नाही, वितळत तर नाहीच. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ पाणी पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणजे वाफ खाली जाते, लोकर ती धरते, हळूहळू सोडते, आणि कपडा वर दमट राहत नाही. दाबलं तर दबते, सोडलं की पुन्हा उठते. परदेशात चांगल्या इस्त्रीच्या टेबलासाठी लोकरीच्या नमद्याच्या जाड गाद्या महागात विकतात. आपल्या घरच्या ट्रंकेत कसर लागत पडलेल्या घोंगडीत तीच लोकर आहे.

पण एक. ब्लँकेट म्हणजे घोंगडी नव्हे. ते गुळगुळीत, वाघ-गुलाब छापलेलं ब्लँकेट, जे हिवाळ्यात बाजारात ढिगानं येतं, ते सगळं कृत्रिम धाग्याचं. शेजारच्या वहिनींनी तेच कापून टेबलावर घातलं, आणि महिन्याभरात मधोमध इस्त्रीच्या आकाराचा कडक, चकचकीत पापड तयार झाला. तिथंही आगकाडी लावून बघायची.

आता वरच्या कापडाचं. माझं ऐकशील तर न छापलेलं, जाडसर सुती. मांजरपाट चालेल, ड्रिल असेल तर उत्तम, पातळ कॅनव्हासही चालतो. ज्या मुलखात कपाशी पिकते, जिनिंगमध्ये जाते, रस्त्यावर उडालेला कापूस बाभळीला लटकलेला दिसतो, तिथं आपण पॉलिएस्टरवर इस्त्री फिरवतो. असो.

छापलेलं का नको, ती माझी गोष्ट आता सांगते. पोळ्याचा दिवस होता, लग्नाला तीनच वर्षं झाली होती. ह्यांचा पांढरा कुर्ता, बैलांची पूजा करायला घालायचा. मी नवी कोरी खोळ आणली होती, लाल जास्वंदीची मोठाली फुलं. कुर्त्याला खळ कडक बसली होती म्हणून पाण्याचा हबका मारला आणि दाबून इस्त्री केली. ह्यांनी कुर्ता घातला, दारात गेले, आणि सासूबाईंनी हाक मारली, "काहून वं, ह्याच्या पाठीले काय झालं?" दोन जास्वंदी उमटल्या होत्या. आपल्या पांढुर्ण्यात दगडफेकीची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, पण ह्यांची पाठ आदल्या दिवशीच लाल! जाम नदीच्या दोन्ही काठांवर सांगायला पुरेल अशी गोष्ट झाली ती. आजही पोळा आला की दीर विचारतात, "वहिनी, कुर्ता कोणत्या खोळीवर केला?"

तेव्हा छापील घ्यायचीच असेल तर आधी पांढरा रुमाल ओला करून खोळीवर ठेव, त्यावर गरम इस्त्री दहा-बारा सेकंद दाबून धर आणि रुमालाची खालची बाजू बघ. रुमाल पांढरा राहिला तर घे. गडद रंग टाळायचं आणखी एक कारण आहे: खळ इस्त्रीच्या तळाला चिकटते, जळते आणि तपकिरी होऊन परत खोळीवर येते. पांढऱ्या किंवा मळखाऊ नसलेल्या कापडावर ती लगेच दिसते, आपण खोळ धुतो. गडद फुलांत ती लपून राहते आणि एक दिवस थेट पांढऱ्या साडीवर निघते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तेव्हा आपण इस्त्री करत नाही, कपडे वाळवतो. मुलांचा गणवेश रात्रभर पंख्याखाली घालूनही सकाळी कॉलर दमट, मग इस्त्री. ते सगळं पाणी खाली गादीत उतरतं. स्पंजाची गादी आणि वर चंदेरी लेप असेल तर ते पाणी तिथंच कोंडतं. मग टेबल मिटून कपाटामागे उभा केला की आठवड्यात बुरशीचा वास, आणि जाळी लोखंडी असेल तर खोळीला आतून तांबड्या गंजाचे डाग. काम झाल्यावर टेबल अर्धा तास उघडा ठेवायचा. एवढंच. घरात जागा नाही हे मला सांगू नको, अर्ध्या तासानं कोणाचं काही अडत नाही.

वाफेच्या इस्त्रीत बोअरचं पाणी घालतेस का? घालत असशील तर थांबव. ज्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, तेच पाणी इस्त्रीच्या भोकांतून पांढरे ठिपके थुंकतं, आणि आपण शिव्या खोळीला देतो. आरओ फिल्टरचं घाल.

आणि एक गोष्ट जिच्यात मी थट्टा करणार नाही. तुझा टेबल लोखंडी, वरची जाळी लोखंडी, खोळ ओलसर. इस्त्रीची पिन दोन पायांची असेल किंवा घरात अर्थिंग नुसतं नावाला असेल, तर इस्त्रीत उतरलेला करंट सगळ्या टेबलात येतो. वायरीचं वरचं कापड इस्त्रीच्या मानेशी उसवलं असेल तर ती आजच बदल. इस्त्रीवर आयएसआयची खूण बघ, तीन पायांची पिन बघ, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, आणि पायात चप्पल घालून उभी राहा. आपण घरात अनवाणी असतो, फरशी पुसलेली असते. खोळ महाग घेतली की स्वस्त, ह्याच्यापुढे काहीच नाही.

आता बाजारातून पुन्हा तयार खोळ घ्यायची की शिवायची, ते तुझ्यावर. तयार घेशील तर माप टेबलाचं घेऊन जा, 'मोठी साइज' असं सांगू नको. आपल्याकडे बरेच टेबल ४८ इंच लांब आणि १५ इंच रुंद असतात, पण तुझा तसाच असेल असं नाही. खोळ चारी बाजूंनी दोन-तीन इंच तरी खाली वळली पाहिजे. कडेला इलॅस्टिक असेल तर नको. उष्णतेनं ते सहा-आठ महिन्यांत ढिलं पडतं, मग इस्त्रीच्या प्रत्येक फेरीला खोळ सरकते, चुणी पडते आणि ती चुणी कपड्यावर उमटते. नाडीची घे. नाडी ढिली पडली तर ओढता येते.

शिवायचं तर एक दुपार पुरे. टेबल जमिनीवर उलटा घाल, खाली जुनी वर्तमानपत्रं जोड, पेन्सिलीनं कड आख. तो आकार गादीचा. घोंगडी बरोब्बर तेवढीच काप. जास्त कापलीस तर कडेला गोळा होते. त्याच आकाराच्या बाहेर चारी बाजूंनी चार इंच वाढवून दुसरी रेघ मार, आणि नेफ्यासाठी आणखी एक इंच. हे वरचं कापड. ४८ बाय १५च्या टेबलाला ३६ इंची पन्ह्याचं पावणेदोन मीटर कापड निवांत पुरतं. पण कापायच्या आधी ते रात्रभर पाण्यात भिजव आणि वाळव. कोरं सुती कापड पाण्यात आटतं. आधी शिवलंस तर पहिल्या धुण्यानंतर खोळ टेबलाला टोपीएवढी होईल. घोंगडी टोचरी असते, तिचे केस पातळ मांजरपाटातून वर येतात, म्हणून मधे जुन्या फ्लॅनेलचा किंवा विरलेल्या धोतराचा एक थर घाल. नेफ्यात चार मीटर नाडी. निमुळत्या टोकाकडे कापडाला बारीक चुण्या घे, तिथंच सगळ्यांची खोळ बिघडते.

ते निमुळतं टोक कशाला असतं, माहीत आहे? मला बरीच वर्षं वाटायचं की ते नुसतं दिसायला. अमेरिकेत न्यू हेवनला सारा बून नावाची शिवणकाम करणारी बाई होती. नॉर्थ कॅरोलिनात गुलामीत जन्मलेली. तिनं १८९२ साली इस्त्रीच्या फळीचं पेटंट घेतलं. तिचं दुखणं आपलंच होतं: बायकांच्या कपड्यांच्या बाह्या आणि अंगाचे वळणदार भाग सपाट फळीवर नीट होत नाहीत, एक बाजू करावी तर दुसरीवर घडी पडते. म्हणून तिनं फळी अरुंद केली, कडेला वळण दिलं आणि बाही तिच्यावर मोज्यासारखी चढवता येईल असं केलं. तुझी पोलकी त्या टोकावर चढव बघू एकदा. बाहीवर मधोमध जी घडीची रेघ पडते ना, ती पडणार नाही.

उंचीबद्दल एकच. टेबलाची उंची सासूबाईंच्या मापाची असेल आणि तू त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, तर टेबलाखालचा दांडा एक खाच बदलून उंची वाढव. कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलं तर त्यांच्या वेळेला परत खाली कर.

शर्टाचा डाग मात्र जाईल असं मला वाटत नाही. तुझ्या इस्त्रीच्या तळाला खोळीचा तो लेप चिकटलेला असेल, तो आधी काढ, नाहीतर दुसरा शर्टही जाईल. इस्त्री कोमट असताना जाड सुती चिंधीनं पुसून बघ. नाही निघाला तर कागदावर बारीक मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री, वाफ बंद ठेवून, हळूहळू फिरव. चाकूनं खरवडू नकोस, ओरखडे पडतात आणि मग तलम कपडे अडकतात.

शनिवारी तू जाम सावळीला मारुतीच्या दर्शनाला जाणार आहेस असं आई म्हणाली. तिथून पांढुर्ण्याला ये, रात्री राहा. येताना वर्तमानपत्रावर टेबलाचा आकार काढून सुरळी करून आण, इंचात माप सांगू नकोस, तुझा टेप शिंप्याकडचा जुना आहे, तो ताणलेला आहे. आजीची घोंगडी मी काल ट्रंकेतून काढून उन्हात टाकली. एका कोपऱ्याला कसर लागली आहे, बाकीची धड आहे. माझ्या टेबलाचं काढून तुझ्या टेबलापुरती निघेल.